पायडल मऊ लागतंय

बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्लँटमध्ये मी दुधाची तपासणी करते. शिफ्ट सुटली की गेटबाहेर मोटारसायकलींचा असा कल्ला होतो, की कानाला लावलेला फोन नुसता शोभेला उरतो. त्या दिवशी त्या कल्ल्यातच आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. बाकी काही धड ऐकू आलं नाही, पण गाडीचा ब्रेक अजून त्यांच्या मनासारखा झालेला नाही एवढं कळलं.

“पायडल मऊच लागतंय,” आबा म्हणाले. “त्या गॅरेजवाल्यानं हवा नीट काढल्याली न्हाय. सुट्टीला ये. आपुन दोघं काढू.”

“आबा, त्यानं दोन येळा काढलीय हवा.”

“काढली आसंल. पर माझ्या पायाला कळतंय न्हवं!”

यापुढे बोलण्यात अर्थ नसतो. आबांच्या पायाला जे कळतं त्यावर आमच्या घरात अपील नाही. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

आबांनी उभं आयुष्य बारामती–इंदापूर रस्त्यावर वडाप चालवलं. माणसं दाटीवाटीनं भरून पळणाऱ्या जीपला आमच्याकडे वडाप म्हणतात आणि तीत बसणाऱ्या माणसाला शीट. आबांना रस्त्यावरची माणसं नावानं कमी आणि जागेनं जास्त आठवायची. लासुर्ण्याची खोकणारी शीट, जंक्शन गावची मास्तर शीट, निमगावच्या डाळिंबवाल्या शिटा. पुढे दारोदारी मोटारसायकली आल्या, रस्ता चौपदरी झाला आणि वडापात बसायला कुणी उरलं नाही. आबांनी जीप विकली, एक जुनी व्हॅन घेतली आणि नसलेलं काम स्वतःच तयार केलं. वस्तीवरच्या म्हाताऱ्या बायकांना ते आठवडी बाजारला न्यायचे आणि आणायचे. एसटी मोठ्या रस्त्यावर थांबते, तिथवर त्यांना चालवत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीत त्या बसायला तयार नसतात. आई पुढे, बाकीच्या मागे, मांडीवर पिशव्या. “ह्या शिटा हायत तवर मी ड्रायव्हर,” आबा म्हणायचे. गाडी नसलेल्या आबांची मला कल्पनाच करता यायची नाही. शेतात त्यांचं मन रमत नाही, टीव्हीसमोर ते बसल्या बसल्या झोपतात, आणि चार माणसांत बोलायचं तर रस्त्याशिवाय त्यांच्याकडे दुसरा विषय नाही.

आबा गाडी अनवाणी चालवतात. दाराशी चप्पल काढायची, पाय झटकायचे, मग आत बसायचं. मला गाडी शिकवली तीही तशीच. “चपलीतनं गाडी कळत न्हाय,” हे त्यांचं एकच म्हणणं. हे खूळ कुठून आलं ते मला माहीत आहे. माझे आजोबा मेंढरं घेऊन पायी कोकणापर्यंत जायचे आणि आबांचं लहानपण त्या कळपामागे धावण्यात गेलं. तळावर सगळ्यांचे काटे काढायचं काम त्यांच्याकडे असायचं. काटा न बघता, नुसतं दुखतंय कसं ते विचारून ते काट्याचं झाड सांगायचे. बाभळीचा ठणकतो, बोरीचा चुरचुरतो, सराटा नुसता चिडवतो. तेच कसब पुढे गाडीत आलं. चाकाखाली खडी आहे की वाळू, ब्रेकचं पायडल कालच्यापेक्षा केसभर खाली जातंय का, हे सगळं त्यांना तळपायातून समजायचं. आम्ही पोरं थट्टा करायचो, की आबांचे डोळे बांधले तरी ते इंदापूरला नेऊन सोडतील.

आता त्यांना साखर आहे, आणि बरीच वर्षं आहे. बारामतीच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, की अनवाणी फिरायचं नाही. आबा म्हणाले, “म्या फिरत न्हाय वो डॉक्टर, गाडी चालवतो.” डॉक्टर हसले, मीही हसले. एकटी आई तेवढी हसली नाही.

तर दिवाळी झाली, कारखाने सुरू झाले आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या धावायला लागल्या. त्याच दिवसांत एकदा बाजारला निघालेली व्हॅन वस्तीच्या वाटेवरून मोठ्या रस्त्याला लागताना थांबलीच नाही. अर्धी गाडी रस्त्यावर गेली. समोरून दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. त्या ट्रॅक्टरवाल्यानं काय केलं आणि कसं केलं देव जाणे, पण त्यानं तो बाजूला काढला. गाडीत आई होती आणि सगळ्या शिटा होत्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मागच्या बायका म्हणे जंक्शनपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

“ब्रेक लागला न्हाय,” घरी आल्यावर आबांनी सांगितलं. आईनं मला फोनवर तेच सांगितलं आणि मग आवाज बारीक करून विचारलं, “वय झालं का गं आता ह्यांचं?” मी तिच्यावर खेकसले. वय काय, काहीतरीच काय बोलतेस, ब्रेक नाही लागला तर कुणी काय करणार! फोन ठेवल्यावर मात्र पुढच्या वेळी ट्रॅक्टरवाला असाच हुशार निघेल कशावरून, हा विचार रात्रंदिवस पाठ सोडत नव्हता.

म्हणून गॅरेजवाल्यानं गाडी वर घेतली आणि मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी ओली दाखवली, तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू. गाडीतून खताची पोती किती वर्षं वाहिली होती त्याला गणती नाही. पोटॅश सांडून सांडून त्यानं तळाचा पत्रा खाल्ला आणि पत्र्याखालच्या नळ्याही खाल्ल्या. गॅरेजवाल्यानं ती नळी बोटांनी वाकवली तर बिस्किटासारखी मोडली. तेल तिथूनच गळत होतं. म्हणजे दोष गाडीचा होता, आबांचा नव्हता. प्लँटमध्ये संशय आलेल्या दुधाची तपासणी करावी आणि दूध चांगलं निघावं, तसं मला हायसं वाटलं. सगळ्या नळ्या नव्या टाकून घेतल्या. आईनं गाडीपुढे नारळ फोडला, चाकांना हळदीकुंकू लावलं. आणि आठवडा जातो न जातो तोच आबांचं सुरू झालं, पायडल मऊ लागतंय.

ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं. पायडल दाबलं की ते तेल चाकापाशी जोर लावतं आणि चाक थांबतं. नळ्या बदलताना त्यांत हवा शिरते. तेल दबत नाही, हवा दबते, त्यामुळे पायडल मऊ लागतं, नुसतं खाली जातं आणि गाडी पुढे पळते. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पायडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी आडवं होऊन तिथलं हवा सोडायचं निप्पल पान्यानं ढिलं करायचं. मी शाळेत असल्यापासून जीपच्या ब्रेकमधली हवा आबा आणि मीच काढायचो. मी वर, आबा खाली. गाडीखालून त्यांचा आवाज यायचा, “दाब. दाब. दाब. धर.” धर म्हटलं की पायडल दाबून धरायचं आणि जीव गेला तरी सोडायचं नाही. मग आबा निप्पल ढिलं करायचे, पायाखालचं पायडल हळूहळू तळाला जायचं, हवा बाहेर पडायची, निप्पल पुन्हा घट्ट व्हायचं, आणि मग शब्द यायचा, “सोड.” आधीच पाय उचलला तर बाहेरची हवा उलटी आत शिरते आणि केलेलं सगळं मातीत जातं. हे काम आबांनी माझ्या भावाला कधी सांगितलं नाही. तो चुळबुळ्या आहे, त्याचा पाय टिकत नाही, म्हणायचे. या गोष्टीचा मला अजूनही गर्व आहे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी स्कूटरवरून वस्तीवर पोचले. आबा अंगणात व्हॅनपाशीच उभे होते. चाकांना दगड लावलेले, पाना, पारदर्शक नळी, तेलाची बाटली, सगळं पोत्यावर मांडून ठेवलेलं. माझ्या आधी त्यांनी माझ्या कपड्यांकडे पाहिलं.

“ह्या कापडावर खाली झोपणार व्हय?”

“जुनी हायत आबा.”

“जुनी म्हंजी? मागल्या दिवाळीचीच की!”

आई ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, “तिच्या कापडाचं ऱ्हाऊ द्या. आपल्या पायात काय हाय ते बगा आधी.” आबांच्या उजव्या पायात चप्पल नव्हती. डाव्या पायात होती. उजवी गोठ्याच्या वाटेवर पडली होती. “आताशा आसंच चाललंय ह्यांचं,” आई मला म्हणाली. “चप्पल मागं ऱ्हाती आन् ह्ये म्होरं जात्यात. परवा एका चपलीवर पार दूध घालून आले. डेरीवरची माणसं हसली.”

मीसुद्धा हसले. आबा म्हणाले, “चपला ढिल्या निगाल्या. माल चांगला येत न्हाय आता.” मी जाऊन ती चप्पल आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली, तर त्यांनी दुसरीही काढून बाजूला केली, पाय झटकले आणि गाडीत चढले. गुडघ्यांमुळे त्यांना आता खाली आडवं होता येत नाही. त्यामुळे आमच्या जागा बदलल्या होत्या. ते वर, मी खाली.

सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची असते, म्हणून मी मागच्या डाव्या चाकाशी पोतं अंथरून आडवी झाले. निप्पलला नळी लावली, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं. आता हुकूम मी द्यायचे होते. पण आबांना दाब आणि धर कसं म्हणायचं! जीभ वळेना. शेवटी म्हटलं, “दाबा आबा. दाबा. दाबा. धरा.” वरून आबा हसल्याचं ऐकू आलं.

मी निप्पल ढिलं केलं. नळीतून तेल आलं, पाठोपाठ दोनतीन बारीक बुडबुडे, आणि मग नुसतं तेल. निप्पल घट्ट केलं. “सोडा.”

दुसऱ्या वेळी एकही बुडबुडा आला नाही, तिसऱ्या वेळीही नाही. आपण दोघांनी मिळून काम केलं आणि झालं, असं वाटून मला बरं वाटलं. “हितली हवा संपली आबा,” मी ओरडले.

“मऊच लागतंय अजून.”

दुसरं चाक झालं. पुढची दोन झाली. कुठे बुडबुडा नाही. स्वच्छ, मधासारखं तेल. दर चाकानंतर मी विचारायचे आणि दर वेळी वरून तेच उत्तर यायचं. मऊच हाय. मग पुन्हा पहिल्या चाकापासून. पाठीखाली खडे रुतत होते, मनगटावरून तेल कोपरापर्यंत आलं होतं, आणि ऊन व्हॅनच्या या बाजूवरून त्या बाजूला गेलं होतं. आईनं शेंगा संपवल्या, स्वयंपाक केला, आम्हाला दोनदा जेवायला बोलावलं.

“त्या गाडीच्या पोटात हवा हाय का तुमच्या दोघांच्या डोस्क्यात?” ती म्हणाली. “आता काय तिचा जीव काढता व्हय?”

तेल संपत आलं तसा माझा तोल सुटायला लागला. माझा तापट स्वभाव आबांवरच गेलेला आहे, आणि आबांचा आजोबांवर, असं आई म्हणते. मी खालूनच ओरडले, “आबा, हवा न्हाय! एक थेंब हवा न्हाय ह्यात! कुठनं मऊ लागतंय तुमाला?”

“मला लागतंय त्ये खोटं व्हय?” आबाही तापले. “कापसावर पाय ठेवल्यावानी लागतंय. म्या काय आज गाडी चालवाय लागलोय? नवी नळी खराब आसंल. त्यानं माल हलका टाकला आसंल!”

“उतरा खाली. मी बगते.”

आबा लगेच उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून जरा वेळ बसून राहिले. मग दाराला धरून उतरले आणि बाजूला उभे राहिले. मी हात पुसले, सवयीनं चप्पल काढली आणि त्यांच्या जागेवर बसून पायडल दाबलं.

पायडल घट्ट होतं. दोन बोटं खाली गेलं आणि दगडावर पाय पडावा तसं थांबलं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तिथेच थांबलं. सगळा जोर लावून दाबून धरलं, तरी हललं नाही. इतका चांगला ब्रेक त्या गाडीला कधी नव्हता. तो आजच चांगला झाला नव्हता, तो नळ्या टाकल्या त्या दिवसापासून चांगला होता, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि तरी मी मूर्खासारखी दाबत राहिले, कुठेतरी एखादा मऊपणा सापडावा म्हणून. सापडला असता तर मी देवापुढे पेढे ठेवले असते.

पाय उचलला तर तळव्याला काहीतरी चिकट लागलं. तेल असेल म्हणून वाकून पाहिलं. पायडलच्या रबरावर लाल डाग होता. नुसता डाग नाही, त्याच्या खाचांत रक्त बसलं होतं, काही वाळलेलं, काही ताजं. मी आधी माझा पाय पाहिला. त्याला काही झालं नव्हतं. मग खाली पाहिलं. आबा उतरून जिथे उभे होते तिथे मातीत एक ओला ठिपका होता.

“आबा, पाय बगू.”

“कशाला? काय झालंय पायाला?”

“बगू म्हणते न्हवं!”

त्यांना शिटावर आडवं बसवून मी उजवा पाय मांडीवर घेतला. चवड्याच्या खाली, पायडल जिथे टेकतं बरोबर तिथे, बाभळीचा काटा मोडून बसला होता. वरचं टोक तेवढं काळं दिसत होतं. गोठ्याच्या वाटेवर चप्पल राहिली तेव्हाच तो गेला असणार. आणि त्यानंतर आख्खी सकाळ मी खालून दाबा म्हणत होते आणि आबा दाबत होते. दर दाबाबरोबर काटा आत आत जात होता.

मी आईला सुई आणायला हाक मारली. ती सुई, हळद आणि एक जुनं धुवट फडकं घेऊन आली, आणि पाय बघून दचकली नाही, सुई तेवढी पुढे केली. तिच्याकडे बघितल्यावर मला समजलं, की तिला हे आधीपासून माहीत होतं. चपलांच्या गोष्टी ती मला हसवायला सांगत नव्हती.

मी सुईनं कातडी उकलायला लागले. लहानपणी माझे काटे आबा असेच काढायचे, आणि मी किंचाळून वस्ती गोळा करायची. आता मी खोल सुई घालत होते आणि आबांचा पाय माझ्या मांडीवर निवांत पडला होता. साधा आखडलासुद्धा नाही. त्यांनी हूं केलं असतं, माझा हात झटकला असता, एखादी शिवी घातली असती, तरी चाललं असतं. मला रडू येत होतं. काटा दिसेनासा होऊ नये म्हणून मी डोळे पुन्हा पुन्हा खांद्याला पुसत होते.

काटा निघाला. नखाएवढा लांब होता. तो मी तळहातावर घेतला, जखम दाबून रक्त काढलं, हळद भरली, फडकं बांधायला घेतलं. आबा समोरच्या काचेतून उसाकडे बघत होते. तिकडेच बघत त्यांनी विचारलं,

“निगाला का?”

मी तळहात पुढे केला. आबांनी काटा उचलला, अंगठा आणि बोटात फिरवून पाहिला.

“बाभळीचा,” ते म्हणाले. “ह्यो ठणकाय पायजे हुता.”

आई वळून आत गेली. चुलीपाशी भांडी वाजली, पण चहा काही लवकर आला नाही.

आबा तसेच बसले होते. मी त्यांच्या पायाशी, उंबऱ्यावर बसावं तशी, व्हॅनच्या पायरीवर बसले. काहीतरी बोलायला हवं होतं आणि बोलायचं ते मला बोलायचं नव्हतं. अजून हवा आहे आबा, उद्या दुसरी बाटली आणू, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते त्यांनी मानलंही असतं. आणि आठवडी बाजारला आई पुढे बसली असती.

“पायडल?” त्यांनी विचारलं.

“घट्ट हाय आबा.”

“पैल्यापासनं?”

“व्हय.”

त्यांनी मान हलवली. “त्या गॅरेजवाल्याला लई बोललो गं मी. चार माणसांत बोललो. खालमानेनं ऐकून घेतलं त्यानं.” मग म्हणाले, “म्हंजी त्या दिवशी ट्रॅक्टरम्होरं... तवाबी म्या दाबलाच नसंल. पाय पायडलवरच हाय आसं वाटत हुतं मला.”

“नळी गळत हुती आबा. डोळ्यांनी बगितली आपुन.”

“गळत हुती,” ते म्हणाले. “त्येबी हुतंच.”

माझी समजूत राहावी म्हणून ते तसं म्हणाले, हे न कळायला मी काही लहान नव्हते. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवून भोकाड पसरावंसं वाटलं. तेवढ्यात आबा उठले. “चल, टेस मारून येऊ,” म्हणाले. “ब्रेकचं काम केल्यावर टेस मारल्याबिगर गाडी शिटांखाली द्यायची न्हाय.”

मी दगड काढले, सामान आवरलं. आबा बॉनेटला हात टेकत टेकत गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि दारापाशी अडकले. ते दार जरा उचलून ओढावं लागतं. आईला ते माहीत आहे, वस्तीवरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. इतक्या वर्षांत आबांवर ते उघडायची वेळच आली नव्हती. ते दोनदा ओढून थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी ड्रायव्हरच्या बाजूनं आत बसून हात लांबवला आणि दार ढकललं.

आबा आत बसले. डाव्या शिटावरून त्यांना पुढचा रस्ता वेगळा दिसत असणार. त्यांनी आरसा बघितला, तो माझ्या बाजूला वळवलेला होता. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी ते मांडीवर ठेवले, पिशवी धरतात तसे.

मी हळू निघाले. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, तोडणी अजून इकडे आली नव्हती. वाटेच्या शेवटी मोठा रस्ता दिसायला लागला. इंदापूरकडून एक ट्रॅक्टर येत होता, मागे दोन ट्रॉल्या, वरपर्यंत भरलेल्या. त्याचं गाणं आमच्यापर्यंत ऐकू येत होतं. ही तीच जागा होती.

“दाब,” आबा म्हणाले.

आवाज अगदी तोच होता, जीपखालून यायचा तो. मी दाबलं.

“धर.”

मी धरलं. गाडी जागच्या जागी थांबली, रस्त्याच्या कडेपासून हातभर आत. ट्रॅक्टर आमच्या समोरून गेला, पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली, उसाचं लोंबतं वाडं काचेवर घासत गेलं. मी आबांकडे पाहिलं. त्यांची नजर रस्त्यावर होती. फडकं बांधलेला उजवा पाय त्यांनी समोरच्या मॅटवर सगळ्या ताकदीनिशी दाबून धरला होता. मांडीची शीर ताठ झाली होती. फडक्यावर पुन्हा लाल उमटायला लागलं होतं.

“आता लागला बग,” ते म्हणाले.

“व्हय आबा,” मी म्हटलं. “लागला.”

ट्रॅक्टर लांब गेला, रस्ता मोकळा झाला. तरी मी पायडल धरूनच बसले होते. त्यांनी अजून सोड म्हटलं नव्हतं.